‘दिसत नाही’ की ‘नाहीच’? एफएमआरआयचे निकाल पडद्यावर उमटत नाहीत तेव्हा काय तपासायचं

मे महिन्यातली रात्र. साडेदहा वाजून गेले होते आणि कूलरच्या आवाजात फोन वाजतोय हे कळायलाच वेळ लागला. पलीकडे मानसोपचारात एमडी करणारा एक विद्यार्थी. मेंदू काम करत असताना घेतलेल्या एमआरआयचं, म्हणजे एफएमआरआयचं, विश्लेषण करत होता.

“मॅडम, झोपल्या तर नव्हत्या ना? अ‍ॅनालिसिस पूर्ण झालं, पण काही दिसूनच नाही राहिलं. सगळा मेंदू करडाच्या करडा. उद्या गाइडला दाखवायचं आहे.”

“कोणती फाइल उघडली?”

“रँडमाइजची. कॉर-पी वाली. पी-व्हॅल्यू आहे ना, म्हणून क्लिपिंग शून्य ते ०.०५ ठेवलं.”

घोळ तिथेच होता. पी म्हणजे परिणाम नसतानाही असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता. एफएसएल या मेंदूप्रतिमांच्या सॉफ्टवेअरमधला रँडमाइज हा सांख्यिकीचा प्रोग्राम त्या फाइलमध्ये पी लिहीत नाही, एक वजा पी लिहितो. पी ०.०५ पेक्षा लहान असेल तिथे फाइलमध्ये ०.९५ पेक्षा मोठा आकडा असतो. म्हणजे त्याने नेमकं जे पाहायचं तेच कापून टाकलं होतं. खालची मर्यादा ०.९५ आणि वरची १ करायला सांगितली. फोनवर दोन क्षण शांतता, मग “दिसलं मॅडम, दोन्हीकडे दिसून राहिलं.”

त्याचा निकाल पहिल्यापासून फाइलमध्ये होता. पण त्या रात्री आणखी अर्धा तास गेला असता तर त्याने थ्रेशोल्ड, म्हणजे निकाल मानायची किमान मर्यादा, खाली ओढला असता, नाहीतर स्मूदिंग (शेजारच्या आकड्यांची सरासरी) वाढवून सगळं पुन्हा चालवलं असतं. मला भीती वाटते ती याची. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचा इलाज प्रतिमा दाखवणाऱ्या व्ह्यूअरमध्ये असतो. दुसऱ्याला इलाज नसतो, तो निकाल म्हणून स्वीकारायचा असतो. खालच्या सगळ्या पायऱ्या हे दोन वेगळे काढण्यासाठी आहेत. क्रम शक्यतो मोडू नका, आणि सुरू करण्याआधी मूळ फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. जे काही करून पाहायचं ते प्रतीवर.

आधी फाइल कोणती ते ओळखा

एका अ‍ॅनालिसिसमधून डझनावारी फायली निघतात आणि नावं सारखीच वाटतात. कोणत्या फाइलमध्ये कोणता आकडा आहे हे माहीत नसताना थ्रेशोल्ड लावणं म्हणजे किलो की ग्रॅम ते न विचारता वजन करणं.

एफएसएलच्या फीट या विश्लेषणाच्या प्रोग्राममध्ये बाहेरच्या फोल्डरात थ्रेश-झेडस्टॅट नावाची फाइल असते. ती आधीच चाळलेली असते, थ्रेशोल्डखालचं सगळं तिच्यात शून्य केलेलं असतं. आतल्या स्टॅट्स फोल्डरमधली नुसती झेडस्टॅट न चाळलेली असते. चाळलेली रिकामी निघाली तर न चाळलेली उघडा. तिच्यात सर्वत्र उणे-अधिक आकडे पसरलेले दिसले तर गणित झालेलं आहे, फक्त थ्रेशोल्डच्या वर काही टिकलेलं नाही. तीही पूर्ण शून्य असेल तर गडबड आणखी मागे आहे, मास्कमध्ये (मेंदूचा कोणता भाग मोजायचा ते ठरवणारी फाइल) किंवा डिझाइनमध्ये.

एसपीएम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बीटा, कॉन आणि एसपीएम-टी अशा तीन जातीच्या फायली मिळतात. यातली फक्त शेवटची टी-स्टॅटिस्टिक असते. कॉन फाइलवर ‘३ च्या वर’ असा थ्रेशोल्ड लावून बसलेले लोक मी पाहिले आहेत. कॉनची एककं त्या स्कॅनच्या सिग्नलवर ठरतात, तिथे ३ या आकड्याला काही अर्थ नाही.

मेंदूच्या पृष्ठभागावर काम करणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरच्या ‘सिग’ फाइलमध्ये पीच्या लॉगरिदमचं उणे रूप असतं, पाया दहाचा. पी ०.०५ म्हणजे तिथे साधारण १.३, पी ०.०१ म्हणजे २, पी ०.००१ म्हणजे ३. या फाइलला कुणी ०.०५ असा थ्रेशोल्ड दिला की अख्खा मेंदू रंगून निघतो आणि पाहणारा क्षणभर खूश होतो. आकड्यापुढचं चिन्ह परिणामाची दिशा सांगतं, तेही विसरू नका.

आफ्नी या चौथ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच डेटासेटच्या पोटात अनेक उपखंड असतात. रंगासाठी एक निवडायचा आणि थ्रेशोल्डसाठी दुसरा. रंगाला ‘भीतीदायक चेहरे’ या कंडिशनचा कोइफिशंट आणि थ्रेशोल्डला चुकून ‘तटस्थ चेहरे’ची टी निवडली तरी चित्र दिसतं, सुंदरच दिसतं. ते चुकीचं आहे हे आफ्नी सांगणार नाही. दोन्ही नावं मोठ्याने वाचायची सवय लावा.

मग फाइललाच विचारा

चित्र उघडण्याआधी आकडे पाहा. फाइलमधला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा काढायला एफएसएलमध्ये एफएसएल-स्टॅट्स आहे, आफ्नीत थ्री-डी-इन्फो आहे. कमांडची भीती वाटत असेल तर कोणत्याही व्ह्यूअरमध्ये क्रॉसहेअर मेंदूच्या आत आठ-दहा ठिकाणी ठेवून कोपऱ्यातला आकडा वाचा. पाच मिनिटांचं हे काम आहे, आणि निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

सर्वांत मोठा झेड २.८ आहे आणि तुमचा थ्रेशोल्ड ३.१, तर पडदा रिकामाच राहणार. पडद्याचा दोष नाही.

सगळीकडे शून्य असेल तर फाइल कशी बनली ते आठवा. एक प्रकार मी वारंवार पाहते: कोरिलेशनचा नकाशा, ज्यात आकडे ०.२, ०.४ असे असतात, कुणीतरी रिसॅम्पल करताना (नव्या चौकटीत बसवताना) पूर्णांक प्रकारात सेव्ह करतं. दशांश गळून पडतात आणि ०.४ चा शून्य होतो. झेडच्या नकाशात हाच अपघात झाला तर ३.४ चा ३ होतो. चित्र दिसतं, पण पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं. अशा फाइलला दुरुस्ती नाही. मागच्या पायरीवर जाऊन आउटपुट फ्लोट प्रकारात पुन्हा काढायचं.

एसपीएम मास्कबाहेरच्या व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे प्रतिमेच्या त्रिमितीय ठिपक्यांमध्ये, शून्य न लिहिता ‘नॅन’, म्हणजे ‘आकडाच नाही’, असं लिहितो. ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन सरासरी किंवा स्मूदिंग केलं की नॅन आजूबाजूला पसरू शकतं आणि मेंदूच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. नेण्याआधी नॅनचे शून्य करून घ्या, आणि तसं केल्याची नोंद वहीत ठेवा.

फाइल उघडतच नसेल किंवा अर्ध्यातून कापल्यासारखी दिसत असेल तर आधी तिचा आकार मूळ फाइलशी ताडून पाहा. पेनड्राइव्ह घाईत काढला किंवा कॉपी चालू असताना लाइट गेली की दाबलेली फाइल अर्धवट राहते. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत हे होतंच.

जागा: झिरो माइल कुठे आहे?

नागपूरकराला झिरो माइलचा खांब समजावून सांगायला नको. ‘पाच किलोमीटर दक्षिणेला’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न ‘कुठून?’ हाच. खांबापासून मोजलं तर तुम्ही वर्धा रोडच्या बाजूला निघता, कामठीपासून मोजलं तर शहरात पोचतही नाही. मेंदूच्या प्रतिमेतही असा एक शून्याचा खांब असतो. सगळ्यांच्या मेंदूंची तुलना करता यावी म्हणून ठरवलेल्या प्रमाण अवकाशात तो अँटेरियर कमिशर या बारीकशा मज्जातंतूंच्या पट्ट्याजवळ मानलेला आहे. प्रत्येक व्हॉक्सेल त्या शून्यापासून किती मिलिमीटर डावी-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली आहे हे सांगणारा पत्ता निफ्टी या नेहमीच्या स्वरूपातल्या फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, असतो. हे हेडर जेमतेम ३४८ बाइटचं, पण सगळा व्यवहार त्याच्या भरवशावर चालतो.

ओव्हरले (वर टाकलेला रंगीत निकाल) मेंदूच्या बाहेर लटकलेला दिसतो, कपाळाच्या जागी कवटीचा मागचा भाग येतो किंवा दोन प्रतिमा एकमेकांवर बसतच नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा दोन फायली दोन वेगळ्या शून्यांपासून मोजत असतात. तपासायचं असं.

दोन्ही फायलींचे आकार आणि व्हॉक्सेलची मापं वाचा. ६४ बाय ६४ ची चौकट आणि तीन-साडेतीन मिलिमीटरचे व्हॉक्सेल असतील तर फाइल बहुधा त्या व्यक्तीच्याच मूळ अवकाशात आहे. ९१ × १०९ × ९१ आणि २ मिलिमीटर असेल तर ती एफएसएलच्या एमएनआय साच्यावर, म्हणजे अनेक मेंदूंच्या सरासरीतून बनवलेल्या प्रमाण मेंदूवर, बसवलेली. ७९ × ९५ × ७९ असेल तर बहुधा एसपीएम १२ ने नॉर्मलाइज केलेली (साच्यावर बसवलेली). शेवटच्या दोन्हींच्या चौकटी वेगळ्या असल्या तरी पत्ता एकाच प्रमाण अवकाशातला असतो, म्हणून हेडर मानणारा व्ह्यूअर त्या एकमेकांवर नीट बसवतो. उलट बाजूने, दोन फायलींची चौकट सारखी आहे म्हणून त्या एकाच जागेत आहेत असं धरू नका. एकाच स्कॅनरवरच्या दोन माणसांची चौकट सारखीच असते, डोकी वेगळी असतात.

फीटच्या पहिल्या पातळीचा निकाल त्या माणसाच्या फंक्शनल अवकाशात असतो. विद्यार्थी तो थेट एमएनआय साच्यावर टाकतात आणि तो तिरका बसतो. अशा वेळी खाली साचा न ठेवता त्याच फोल्डरमधली एक्झाम्पल-फंक ठेवा. साच्यावरच हवा असेल तर रेग फोल्डरमधलं रूपांतर लावून निकाल साच्यावर न्यावा लागतो. एफएसएल-आईज हा एफएसएलचा व्ह्यूअर अशा वेळी लोकेशनच्या पट्टीत इशारा देतो, की प्रतिमांची दिशा किंवा चौकट वेगवेगळी आहे. तो इशारा बारीक अक्षरात असतो म्हणून कुणी वाचत नाही. वाचा.

हेडरमध्ये पत्ता दोन ठिकाणी लिहिलेला असू शकतो, एस-फॉर्म आणि क्यू-फॉर्म. प्रत्येकासोबत एक कोड असतो: ० म्हणजे माहीत नाही, १ म्हणजे स्कॅनरचे निर्देशांक, २ म्हणजे दुसऱ्या कशाशी जुळवलेले, ३ म्हणजे टॅलेराख (जुना प्रमाण अवकाश), ४ म्हणजे एमएनआय. दोन्ही पत्ते वेगळे असतील तर एक सॉफ्टवेअर एकाला मानतं आणि दुसरं दुसऱ्याला. ‘मॅडम, एकात बरोबर दिसते, दुसऱ्यात पलटते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं.

इथे एक मोठा मोह होतो, आणि त्यापासून मी विद्यार्थ्यांना अक्षरशः हात धरून मागे ओढते. साच्याचं हेडर उचलून आपल्या फाइलला चिकटवायचं! कमांड एका ओळीची आहे आणि चित्र लगेच ‘बसतं’. पण हेडर बदलल्याने मेंदू जागचा हलत नाही, फक्त पाटी बदलते. कामठीच्या घरावर धरमपेठेची पाटी लावली म्हणून घर धरमपेठेत येत नाही. मूळ डायकॉम, म्हणजे स्कॅनरमधून थेट आलेल्या फायली, हाताशी असतील तर ते पुन्हा रूपांतरित करा, डीसीएम-टू-निक्स यासाठी चांगलं आहे, आणि जुळवणी नव्याने करा.

एसपीएममध्ये नॉर्मलायझेशन बिघडलेलं दिसलं तर आधी डिस्प्लेचं बटण दाबून मूळ स्ट्रक्चरल (मेंदूची रचना दाखवणारी प्रतिमा) उघडा. शून्य अँटेरियर कमिशरपासून कितीतरी सेंटिमीटर दूर, मानेत किंवा हवेत पडलेलं असेल तर तिथून सुरू झालेली जुळवणी भरकटते. क्रॉसहेअर योग्य जागी आणून ओरिजिन ठरवा, आणि तोच बदल त्या माणसाच्या फंक्शनल प्रतिमांनाही लावायला विसरू नका. मग चेक-रेज या जुळवणी तपासायच्या सोयीत स्ट्रक्चरल, एक फंक्शनल आणि साचा शेजारी शेजारी उघडा. व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पोकळीच्या) कडेवर क्लिक करा. तिन्ही खिडक्यांत क्रॉसहेअर कडेवरच पडला पाहिजे. मग मेंदूची बाह्य कड, मग सेरिबेलमचा खालचा काठ. डोळ्यांनी केलेली ही तपासणी कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त पकडते.

अ‍ॅटलास किंवा लेबलची फाइल रिसॅम्पल करताना ‘निअरेस्ट नेबर’च वापरा. नाहीतर १० आणि २० क्रमांकाच्या भागांच्या सीमेवर १५ क्रमांकाचा भाग जन्माला येतो, जो तिथे कधीच नव्हता.

डावं-उजवं

बाकी चुका चित्र बिघडवतात. ही चूक चित्र बिघडवत नाही, म्हणूनच ती सर्वांत घातक. मेंदूचे दोन्ही अर्ध वरवर इतके सारखे, की नुसत्या डोळ्याने बाजू पलटल्याचं कळत नाही.

रेडिओलॉजीच्या रीतीत माणसाची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे येते. डॉक्टर रुग्णाच्या पायाशी उभं राहून पाहत आहेत असं समजा. न्यूरोलॉजीच्या रीतीत डावं ते डावीकडेच. एफएसएल-आईज आणि आफ्नी मुळात पहिल्या रीतीने दाखवतात, एसपीएम दुसऱ्या रीतीने. म्हणजे एकच बिनचूक फाइल दोन ठिकाणी आरशातल्यासारखी उलटी दिसणं हे बरोबर आहे. घाबरून तिला पलटवायला जाल तर बरोबर असलेली फाइल चुकवाल. पडद्यावरची डावी-उजवीची अक्षरं पाहा, ती झाकलेली असतील तर सुरू करा.

आकड्यांतही एक फेरा आहे. एमएनआयच्या नेहमीच्या रीतीत डावीकडचा एक्स उणे असतो. आफ्नी सुरुवातीला डायकॉमच्या रीतीने दाखवतो, तिथे उजवीकडचा एक्स उणे. निर्देशांकांवर राइट-क्लिक करून एसपीएमची रीत निवडता येते. थीसिसच्या तक्त्यात आफ्नीचे आकडे तसेच उतरवले की डाव्या मेंदूचा निकाल उजव्या मेंदूच्या नावावर जमा होतो.

काही वर्षांपूर्वी मी एका संशोधन गटात होते. साधं काम होतं: उजव्या हाताची बोटं तालात टेकवायची. उजवा हात हलला की डावीकडचा मोटर कॉर्टेक्स चमकला पाहिजे, एक्स उणे ३८ च्या आसपास. बहुतेकांचा तसाच चमकला. काही जणांचा उजवीकडे. बैठकीत आम्ही तासभर ‘हे लोक डावखुरे असतील का’ यावर बोललो. मग एका तंत्रज्ञाने सांगितलं, की प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर आम्ही व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवत होतो. कॅप्सूल एमआरआयमध्ये पांढरा ठिपका म्हणून दिसते. मी त्या काही जणांच्या स्ट्रक्चरल प्रतिमा एकेक करून उघडल्या. ठिपका डाव्या कानाजवळ. फायली मध्येच कधीतरी जुन्या अ‍ॅनालाइझ स्वरूपातून गेल्या होत्या, ज्यात डाव्या-उजव्याची भरवशाची नोंद नसते, आणि कुणीतरी चांगल्या हेतूने ‘सरळ’ केल्या होत्या. आम्ही मूळ डायकॉमपासून सगळं पुन्हा काढलं. तीन आठवडे गेले. ती कॅप्सूल नसती तर तो डेटा तसाच छापला गेला असता, ही जाणीव माझ्या मनातून आजही जात नाही.

म्हणून नवीन अभ्यास सुरू करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती: कॅप्सूल लावा, दर वेळी त्याच बाजूला, आणि बाजू नोंदवहीत लिहा. जुना डेटा असेल तर असा एखादा परिणाम शोधा ज्याची बाजू आधीच माहीत आहे. हाताची हालचाल चालेल, दृष्टिक्षेत्राच्या अर्ध्या भागात दाखवलेलं चित्रही चालेल. डावीकडे दाखवलेलं उजव्या ऑक्सिपिटलमध्ये उमटतं.

दिशा सरळ करायला एफएसएलमध्ये ‘रीओरिएंट-टू-स्टँडर्ड’ आहे. ते प्रतिमा फक्त काटकोनांत फिरवून साच्यासारखी उभी करतं, बाजू बदलत नाही. निर्धास्त वापरा. पण हेडरमधली बाजू उलटवणारी कमांड आणि डेटा उलटवणारी कमांड या दोन वेगळ्या आहेत. दोन्हींपैकी एकही, बाजूचा स्वतंत्र पुरावा हातात नसताना चालवू नका.

आता रंगाची खिडकी

इथवर सगळं ठीक असेल तरच व्ह्यूअरच्या बटणांना हात लावा.

डिस्प्ले रेंज आणि क्लिपिंग रेंज वेगळ्या. पहिली ठरवते कोणत्या आकड्याला कोणता रंग, दुसरी ठरवते काय दाखवायचं आणि काय लपवायचं. एफएसएल-आईजमध्ये खालच्या मर्यादा एकमेकींना बांधलेल्या असू शकतात, एक ओढली की दुसरी हलते. झेडसाठी साधारण ३.१ ते ६ पासून सुरुवात करून फाइलच्या कमाल आकड्यापर्यंत जा. वरची मर्यादा एखाद्या रक्तवाहिनीतल्या २० च्या झेडवर आपोआप बसली असेल, तर ४ च्या झेडचा भाग इतका गडद लाल होतो की करड्यावर कळतच नाही. ‘दिसत नाही’च्या तक्रारींत याचा वाटा मोठा आहे.

उणे आकडे पुष्कळ व्ह्यूअर मुळात दाखवत नाहीत. रुग्णगटात क्रियाशीलता कमी झाली असेल तर तुमचा अख्खा निकालच उणे बाजूला असतो. एफएसएल-आईजमध्ये ऋण रंगसंगती वेगळी सुरू करावी लागते. एसपीएममध्ये टी-कॉन्ट्रास्ट, म्हणजे तपासायची तुलना, एकाच दिशेचा असतो, उलट दिशेसाठी वेगळा कॉन्ट्रास्ट लिहावा लागतो.

थरांचा क्रम पाहा, स्ट्रक्चरलखाली निकाल झाकला गेलेला नाही ना. अपारदर्शकता (ओपॅसिटी) शून्यावर गेली नाही ना. चार मितींची फाइल असेल तर कितवा व्हॉल्यूम उघडा आहे. आफ्नीत ‘सी ओव्हरले’चं बटण दाबलेलं आहे का, आणि अंडरले (खालची प्रतिमा) मूळ दृश्यात आणि ओव्हरले टॅलेराखच्या दृश्यात अशी फाटाफूट नाही ना. हे सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

इंद्रधनुष्यी रंगसंगती टाळा असं मी आग्रहाने सांगते. तिच्यात हिरव्यातून पिवळ्यात जाताना डोळ्यांना अशी सीमा दिसते जी आकड्यांत नसते. ज्यांना लाल-हिरवं वेगळं कळत नाही त्यांचाही विचार करा, परीक्षकांत असा कुणी असू शकतो.

पृष्ठभागावर दाखवताना

फ्रीव्ह्यू या फ्रीसर्फरच्या व्ह्यूअरमध्ये ओव्हरले चढतच नसेल तर व्हर्टेक्सची (पृष्ठभागाच्या जाळीतल्या बिंदूंची) संख्या जुळवून पाहा. एफएस-अ‍ॅव्हरेज या फ्रीसर्फरच्या सरासरी मेंदूच्या एका अर्धात १,६३,८४२ व्हर्टेक्स असतात, एफएस-अ‍ॅव्हरेज-५ मध्ये १०,२४२. एकाची फाइल दुसऱ्यावर बसणार नाही. डाव्या अर्धाची फाइल उजव्यावर मात्र बसते, कारण संख्या सारखीच, आणि नकाशा विचित्र दिसतो. व्हॉल्यूममधला निकाल पृष्ठभागावर टाकताना एकाच खोलीवरून आकडा उचलला तर बारीक भाग निसटतात. ग्रे मॅटरच्या जाडीभर सरासरी घ्या. आणि अमिग्डाला, थॅलॅमस यांना कॉर्टेक्सच्या पृष्ठभागावर जागाच नसते. तिथला निकाल शोधत बसू नका, स्लाइसमध्ये दाखवा.

मशीनच रुसलं असेल तर

सर्व्हरवरून दुरून व्ह्यूअर चालवताना खिडकी काळी येते, त्रिमितीय दृश्य कोरं राहतं, किंवा ‘डिस्प्ले सापडत नाही’ असा संदेश येतो. हा ओपन-जीएल आणि एक्स-११ मधला तंटा आहे, तुमच्या डेटाशी त्याचा संबंध नाही. एक्स फॉरवर्डिंगवर वेळ घालवण्यापेक्षा व्हीएनसी वापरा, नाहीतर निकालाच्या फायली आपल्या लॅपटॉपवर उतरवा आणि तिथे उघडा. त्या काही फार मोठ्या नसतात. एसपीएमचा फोल्डर दुसऱ्या मशीनवर हलवला तर आतल्या मॅट फाइलमध्ये जुनेच पत्ते राहतात, ते बदलायला एसपीएममध्येच सोय आहे.

आणि खरंच नसेल तर

सगळं तपासलं, आकडे वाचले, जागा जुळली, बाजू जुळली, आणि एसपीएम सांगतो की थ्रेशोल्डच्या वर एकही क्लस्टर (लागून असलेल्या व्हॉक्सेलचा गट) नाही. आता थांबा.

२००९ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’. अनेक तुलनांची दुरुस्ती, म्हणजे हजारो व्हॉक्सेल एकदम तपासताना योगायोगाने येणारे निकाल आवरणारं गणित, न करता पाहिलं तर त्या मेलेल्या माशाच्या मेंदूत रंगीत ठिपके उमटले. दुरुस्ती केल्यावर गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत क्लस्टरच्या पद्धती काही परिस्थितींत ७० टक्क्यांपर्यंत खोटे निकाल देतात असं दिसलं, विशेषतः क्लस्टर ठरवायचा सुरुवातीचा थ्रेशोल्ड ढिला असेल तेव्हा. एफएसएलच्या फीटने पुढे सुरुवातीचा झेड २.३ वरून ३.१ केला. ‘उद्या गाइडला दाखवायचं आहे’ म्हणून तुम्ही तो परत २.३ वर आणाल तर तुमच्या पडद्यावर दिसेल तो तोच मासा.

गाइडला काय दाखवायचं? न चाळलेला नकाशा दाखवा. थ्रेशोल्डखालचे भाग फिकट पारदर्शक आणि वरचे ठळक, अशी सोय आफ्नीत आहे. आधीच ठरवलेला एखादा भाग असेल, जसं अमिग्डाला, तर तिथला परिणामाचा आकार आणि त्याची अनिश्चितता आकड्यांत द्या. ‘या नमुन्यात या थ्रेशोल्डला काही टिकलं नाही’ हे वाक्य थीसिसमध्ये लिहिता येतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना ते लिहायला लावलं आहे आणि ते उत्तीर्ण झाले आहेत.

चित्र थीसिसमध्ये टाकताना त्यावर एवढं असलंच पाहिजे: रंगपट्टी, तिच्यावर आकडे आणि ते झेड आहेत, टी आहेत की एक वजा पी ते, स्लाइसचे निर्देशांक, डावी-उजवीची खूण, खाली कोणती प्रतिमा ठेवली आहे, थ्रेशोल्ड आणि दुरुस्तीची पद्धत. छपाईसाठी ३०० डीपीआय. चित्र गाइडला फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, ते दाबलं जातं आणि रंगपट्टीचे आकडे वाचता येत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने पाठवा. पाठवण्याआधी चारही कोपरे मोठे करून पाहा. डायकॉम व्ह्यूअरच्या स्क्रीनशॉटवर रुग्णाचं नाव, वय आणि नोंदणी क्रमांक राहून जातात. त्रिमितीय दृश्यात स्ट्रक्चरल वापरली असेल तर चेहरा काढून टाकलेली प्रत वापरा. नाक, ओठ, कपाळ इतकं स्पष्ट उमटतं की ओळखीचा माणूस ओळखू येतो.